वचन देशाचे, धूर आमच्या वस्तीचा

वर्षावासाचे दिवस होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या राहूच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. नोकरीमुळे आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, पण वर्षावासातला रविवार सहसा चुकवत नाही. मागच्या खेपेस अशाच एका रविवारी पाऊस भुरभुरत होता. वाचन सुरू झाले आणि थोड्याच वेळात खिडकीतून धूर आत शिरला. उसाच्या चिपाडाचा धूर आम्हांला नवा नाही. त्याला गोडसर वास असतो. हा धूर तसा नव्हता. रबर आणि प्लॅस्टिक जळाल्याचा, घशाला टोचणारा होता. एका उपासिकेने सवयीने उठून खिडकी लावून घेतली आणि वाचन पुढे चालू झाले.

वाचन संपल्यावर आमची नववीतली पुतणी वही घेऊन जवळ आली.

“काका, बाईंनी निबंध दिलाय. भारतानं जगाला वचन दिलंय, हवेत कार्बन कमी सोडू म्हणून. मग हा धूर त्या वचनात धरलाय का?”

बसलेल्या मंडळींत हशा पिकला. आमची म्हातारी आत्या म्हणाली, “अगं बाय, वचन देणाऱ्याला राहू कुठं आहे हे तरी ठाऊक असंल का?” आम्हांला मात्र हसू आले नाही, कारण पोरीच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बी. कॉम. झालो, वीस वर्षे जमाखर्चाची खाती लिहिली, समाजाच्या कामात अर्ज-निवेदनांचे ढीग घातले, पण देशाच्या या खात्यात काय लिहिले आहे ते कधी उघडून पाहिले नव्हते. नंतर ते पाहिले. जे समजले ते बंधू-भगिनींपुढे मांडतो.

आधी मूळ गोष्ट. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. जनावरांच्या पोटातून, भाताच्या खाचरांतून, कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो. शेतात टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. हे वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे पसरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. गोधडी जाड होत गेली की ऊन वाढते आणि पाऊस वेळ सोडून कोसळतो. हेच ते हरितगृह वायू.

जून १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात जगातले देश जमले आणि या वायूंना आवर घालण्याचा करार सह्यांसाठी खुला झाला. भारताने १९९३ साली त्याला मान्यता दिली. या करारात एक तत्त्व आहे: जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. ज्यांनी शे-दीडशे वर्षे कोळसा जाळून कारखाने उभारले, श्रीमंती मिळवली, त्यांनी आधी आणि जास्त भार उचलावा. ज्यांच्या घरात अजून दिवाच नीट लागलेला नाही, त्यांच्या मानेवर तोच भार देऊ नये.

हे तत्त्व आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. विषमांना एकाच मापाने मोजणे म्हणजे अन्यायच, हे आपण राखीव जागांच्या प्रश्नावर आयुष्यभर सांगत आलो आहोत. म्हणून जागतिक बैठकीत भारत उभा राहून म्हणतो की आमचा माणूस वर्षाला सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकेचा सुमारे १४ टन, तेव्हा आम्हांला ते म्हणणे रास्त वाटते. १९९७ सालच्या क्योटो करारात याच तत्त्वाने भारतावर कपातीचे बंधन नव्हते.

पण काळ बदलला. २००९ साली कोपनहेगनच्या परिषदेच्या सुमारास भारताने पहिल्यांदा आकडा सांगितला: २०२० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता २००५ च्या तुलनेत २० ते २५ टक्के कमी करू. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस करार झाला आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. त्यात ३३ ते ३५ टक्के हा आकडा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी पाच वचने जाहीर केली आणि त्यांना ‘पंचामृत’ म्हटले. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारित वचन संयुक्त राष्ट्रांकडे लेखी गेले. २०३० पर्यंत तीव्रता ४५ टक्के कमी करायची, विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांची करायची, आणि जंगल-झाडी वाढवून अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन शोषून घ्यायचा. आणि २०७० साली निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे.

आता कारकुनाची खोड म्हणा, आम्ही शब्द तपासले. ‘तीव्रता’ म्हणजे काय? आमच्या गावच्या भाषेत सांगतो. समजा, एका गुऱ्हाळात १०० किलो गुळाला १०० किलो जळण लागत होते. चुलवण नवे बांधल्यावर तेवढ्याच गुळाला ५५ किलो पुरू लागले. म्हणजे तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली. पण मालकाने गूळ तिप्पट काढायला सुरुवात केली तर जळण लागेल १६५ किलो. वचन पाळले गेले आणि धूर मात्र वाढला! देशाच्या वचनात गुळाच्या जागी राष्ट्रीय उत्पन्न घाला, म्हणजे अर्थ लागेल. भारताने २०२४ च्या अखेरीस दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात ही तीव्रता ३६ टक्के घटली. ही कमाई खरी आहे आणि तिचा अभिमानही आहे. पण एकूण उत्सर्जन कमी झाले असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा शब्द ‘स्थापित क्षमता’. २०२५ च्या जुलैत सरकारने जाहीर केले की निम्म्या क्षमतेचे वचन पाच वर्षे आधीच पुरे झाले. तेही खरे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य रात्री मावळतो, वारा पडतो. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा आहे. गोदामात पोती किती मावतात आणि आज पोती किती आहेत, ही खात्यातली दोन निरनिराळी कलमे असतात.

श्रीमंत राष्ट्रांचे खाते तर याहून नादुरुस्त. २००९ साली त्यांनी म्हटले, गरीब देशांसाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला त्यांना २०२२ साल उजाडले. २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलरची गोष्ट झाली, तेव्हा हे फारच तोकडे आहे असे भारताने तिथेच सांगितले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घेण्याचा हुकूम काढला. विहिरीचे पाणी ज्याने सर्वांत जास्त उपसले तोच गाळ काढायच्या दिवशी गावाला गेला!

इथवर आमची मान देशाबरोबर ताठ होती. पण पोरीचा प्रश्न पाठ सोडत नव्हता. हा धूर त्या वचनात धरलाय का?

आमचे राहू हे बेटावरचे गाव. ज्या भीमेच्या काठी दर १ जानेवारीला आपण विजयस्तंभाला मानवंदना देतो, ती भीमा कोरेगावहून खाली येऊन आमच्या बेटाच्या उत्तरेने वाहते. दक्षिणेने पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा येते. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ दोघी एकत्र होतात. दोन नद्यांमध्ये काळी जमीन, जमिनीवर ऊस, उसामुळे गुऱ्हाळे. दौंड तालुका गुळासाठी नावाजलेला आहे. गुऱ्हाळावर राबणाऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले मजूर असतात आणि आपल्या वस्तीतल्या आया-बहिणीही असतात. त्या रस काढून उरलेले चिपाड उन्हात पसरतात, वाळले की गोळा करतात, चुलवणापाशी आणून टाकतात.

चिपाडाचे जळण हिशेबाने वाईट नाही. उसाने हवेतून जो कार्बन घेतला तोच जळताना परत जातो आणि पुढच्या उसात पुन्हा ओढला जातो. बिघडते ते पावसाळ्यात. चिपाड वाळत नाही, काहील तर उकळती ठेवायची असते. मग शहरातून ट्रक भरून प्लॅस्टिकचा कचरा, चपलांचे तुकडे, रबर येते. स्वस्त जळण! प्लॅस्टिक हे खनिज तेलाचेच लेकरू, त्यामुळे त्याचा कार्बन जमिनीखालून निघालेला नवा कार्बन. शिवाय त्याच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. सगळीच गुऱ्हाळे असे करत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण एक जरी करत असले तरी वाऱ्याच्या दिशेला वस्ती कोणाची असते हे वाचकांना ठाऊक आहे.

आता आमच्या एका चुकीची कबुली देतो. पोरीने प्रश्न विचारला त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. वस्तीजवळच्या एका गुऱ्हाळाच्या धुराबद्दल आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला. अर्ज झोकात लिहिला होता, कलमे घातली होती, खाली सह्या आणि अंगठे होते. बऱ्याच खेपांनंतर पाहणी झाली आणि गुऱ्हाळ बंद झाले. आम्ही खूश! पुढच्या रविवारी पेढे घेऊनच घरी गेलो. आमच्या थोरल्या वहिनी त्याच गुऱ्हाळावर चिपाड पसरायला जात. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुमच्या अर्जानं धूर गेला हे बरंच झालं. पण आठ बायांची हजेरीबी गेली. तुमचा पगार एक तारखेला होतो. आमचा शनिवारी होतो, तो ह्या शनिवारी झाला नाही.”

“वहिनी, पण तुमचा खोकला?”

“खोकला माझा हाय. तो मी कुणाला सांगितला नव्हता. तुम्ही अर्जात लिवला.”

आम्ही खाली मान घातली. अर्जावर त्यांचा अंगठा होता, पण अर्ज लिहिण्याआधी त्यांच्याशी आम्ही दोन वाक्येसुद्धा बोललो नव्हतो. त्यांच्या वतीने वचन आम्ही दिले होते आणि किंमत त्यांनी मोजली. दिल्लीतल्या माणसांना राहू ठाऊक नसेल असे आत्या म्हणते. आम्हांला तर आमच्या घरातले माणूस ठाऊक नव्हते. महिन्याभरात गुऱ्हाळ पुन्हा सुरू झाले आणि ट्रक रात्री येऊ लागला.

पॅरिस करार वाचताना एका जागी आम्ही थबकलो. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे की हा बदल घडवताना कामगारांचे न्याय्य स्थित्यंतर आणि सन्मानाचे काम यांचा विचार अटळ आहे. म्हणजे धूर बंद करताना मजुराची चूल बंद पडू नये, ही आम्ही खाली मान घालून ऐकलेली गोष्ट जगाने आधीच लिहून ठेवली होती! वहिनींना लिहिता येत नाही, पण त्यांचे म्हणणे कराराच्या पहिल्याच पानांत आहे.

बाबासाहेबांचेही स्मरण झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते. धरणे आणि वीज यांचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता. स्वस्त आणि भरपूर वीज मिळाल्याशिवाय या देशातले दारिद्र्य हटणार नाही हे त्यांनी ओळखले होते. म्हणून वीज नको, कारखाने नकोत असे आपण म्हणू शकत नाही. पण तेच बाबासाहेब १९४३ च्या डिसेंबरात धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले, मजुरांची राहण्याची दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. कोळसा हवा म्हणून कोळसा काढणाऱ्याचा विसर त्यांनी पडू दिला नाही. आता कोळसा नको म्हणायची वेळ आली आहे, तेव्हाही तीच दृष्टी लागेल.

हा नुसता गुऱ्हाळाचा प्रश्न नाही. राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीला दिवसा वीज मिळावी हा हेतू उत्तम आहे. आमच्या शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या दबा धरून असतो. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या गड्याचा जीव मुठीत असतो. पण या प्रकल्पांसाठी उपकेंद्रांजवळची सरकारी जमीन घेतात, त्यात गायरानेही येतात. गायरान म्हणजे आपल्या भूमिहीन माणसाचा शेवटचा आधार. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह उभे केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली निघाला, पण सातबाऱ्यावर नाव न लागलेली घरे आजही गावोगाव आहेत. तिथे सौर पट्ट्या बसवण्याआधी कसणाऱ्याला विचारले पाहिजे. सूर्याची वीज स्वच्छ आहे, तिच्याखालची जमीनही न्यायाने घेतलेली असावी.

उन्हाचेही तसेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली अंदाज बांधला की २०३० मध्ये उष्णतेपायी भारतातले ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ कामांएवढे. हे तास पंख्याखाली बसणाऱ्या आमच्यासारख्यांचे नव्हेत. ते चुलवणापुढच्या, ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, बांधकामाच्या माणसांचे आहेत. ज्याने सर्वांत कमी धूर सोडला त्याचीच मजुरी सर्वांत आधी बुडणार. श्रीमंत देशांना भारत जे विचारतो, तेच भारताला विचारण्याचा हक्क गावकुसाबाहेरच्या माणसाला आहे. हा देशद्रोह नव्हे. देशाने मांडलेले तत्त्व देशातच लावा, एवढीच ही मागणी आहे.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कागद घरी ठेवला. विहारात आठही बाया बसल्या, आम्ही कोपऱ्यात बसून ऐकले. तोडगा त्यांनीच काढला. उन्हाळ्यात चिपाड भरपूर वाळते, ते तेव्हाच साठवून झाकून ठेवले तर पावसाळ्यात दुसरे जळण लागणार नाही. साठवायला चार दिवस जादा काम, त्याची जादा हजेरी. आम्ही इतकी वर्षे कलमे शोधत होतो आणि उत्तर चिपाड पसरणाऱ्या हातांत होते! बाया मालकाकडे गेल्या. आम्ही मागे उभे होतो. मालकाने शेड काही बांधली नाही. ताडपत्र्या आणल्या आणि जादा हजेरी अर्धीच दिली. या पावसाळ्यात घसा टोचणारा धूर बराच कमी झाला, बंद झालेला नाही. वहिनींचा खोकला आहे. त्या आता तपासणीला मात्र येतात, आणि डॉक्टरला स्वतः सांगतात.

‘पंचामृत’ या शब्दाविषयी एक सांगतो. आपल्या घरांत पंचामृत नाही, पंचशील आहे. तीही पाच वचनेच. पण शील कोणी वरून लादत नाही, ‘समादियामि’ म्हणून ज्याचे त्याने स्वीकारायचे असते. मोडले तर दंड करणारा शिपाई नाही. पॅरिस करारही तसाच आहे. प्रत्येक देश आपले वचन आपण ठरवतो, दर पाच वर्षांनी नवे देतो, हिशेब जगापुढे ठेवतो. मोडले तर तुरुंग नाही. म्हणून काही लोक त्याला पोकळ म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. शीलाला शिपाई नसतो, पण पाहणारे शेजारी असतात. घरातले शील ढळले तर आधी बायको-मुले ओळखतात. देशाचे शील पाहणारे शेजारी आपण आहोत. खाते उघडून वाचणारा कोणी नसेल तर कोणतेही वचन पोकळच होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या ग्रामसभेला जा. राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून चालू आहे. आपल्या ग्रामपंचायतीने त्यात काय केले ते विचारा. गायरानावर काही येणार असेल तर ठरावाआधी वाचून मागा. गुऱ्हाळ असो, भट्टी असो, आधी तिथे राबणाऱ्याला विचारा आणि मगच अर्ज लिहा.

पुतणीला आम्ही उत्तर दिले: “पोरी, देशाचा सगळा धूर त्या हिशेबात धरायचा असतो. तुझ्या खिडकीतला धूर कोणी मोजला नसेल, तर तो तू लिही.” तिने निबंधात वहिनींची, म्हणजे तिच्या आईची, गोष्ट लिहिली. बाईंनी खाली शेरा मारला, ‘विषयाला धरून आहे.’ २०७० साल उजाडेल तेव्हा आमची पोर साठीला टेकलेली असेल. आम्ही नसू. त्या वर्षीच्या वर्षावासात विहाराची खिडकी उघडी असली, म्हणजे वचन पाळले गेले असे समजावे.

जयभीम!